कपाटातील पुस्तके व कंठातील गाणी

विद्या दिल्याने वाढते, असे आम्ही पस्तीस वर्षे वर्गात सांगत आलो. आणि त्याच वर्गात, पुस्तक परहस्ती गेले म्हणजे ते गेलेच समजावे, अशा अर्थाचे सुभाषितही मुलांकडून पाठ करून घेत आलो. या दोन वचनांचा मेळ कसा घालावा, हे एकाही विद्यार्थ्याने आम्हांस विचारले नाही. विद्या द्यावी पण पुस्तक देऊ नये, हाच आपल्या सुशिक्षित घरांचा शिरस्ता असल्यामुळे मुलांस त्यात काही वावगे वाटले नसावे. जुन्या पोथीच्या अखेरीस लेखक तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून पोथीचे रक्षण करा म्हणून विनवीत असे. आज तेलापाण्याचे भय फारसे उरलेले नाही. भय आहे ते कुलुपाचे, आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या रद्दीच्या तराजूचे.

आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक वयोवृद्ध स्नेही राहत असत. त्यांच्या पश्चात मुलांनी वाडा विकला. मुले पुण्यास, त्यांची मुले त्याहून दूर. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार कपाटे नेणार कोठे? आम्ही त्यांस दोष देत नाही. रद्दीवाला वजन करीत असता आम्ही सहज तेथे पोहोचलो, तो ढिगात आपट्यांच्या संस्कृत कोशाचा दुसरा खंड पडलेला! पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने १९५७ ते १९५९ या काळात काढलेल्या त्रिखंडात्मक आवृत्तीचा पहिला व तिसरा खंड आमच्यापाशी होता, आणि दुसऱ्यासाठी आम्ही चार वर्षे जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळीत होतो. चार वर्षे तो खंड आमच्यापासून दोनशे पावलांवर होता. तो त्यांच्यापाशी आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते, व आम्हांस हवा आहे हे त्यांस ठाऊक नव्हते. त्याच ढिगात कीर्तनाख्यानांची एक हस्तलिखित वही होती. पदांच्या माथ्यावर बारीक अक्षरात चाली लिहिलेल्या, पण निम्मी पाने आधीच गळालेली. तो कोश आता संगणकावरही पाहावयास मिळतो. त्या वहीची दुसरी प्रत मात्र कोठेही असण्याचा संभव नाही.

संगणकाच्या जाळ्यावर ग्रंथांची कोठारे आहेत, ती थोडीथोडकी नव्हेत. अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये गुटेनबर्ग प्रकल्पास आरंभ केला. १९९६ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था निघाली व तिच्या संग्रहात मराठी ग्रंथही पुष्कळ आले आहेत. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली पुस्तके स्वयंसेवक पानापानाने उतरवितात. आमच्या नगरास (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) तर १८३८ साली स्थापन झालेले जिल्हा वाचनालय आहे. सबब आणखी एक कोठार बांधावे असे आम्हांस वाटत नाही. कोणाच्या घरी काय आहे हे शेजाऱ्यास कळण्याची सोय कोठेच नाही, आणि उणीव आहे ती एवढीच.

त्यासाठी एक सामायिक यादी असावी. तालुक्यातील प्रत्येक घराने आपल्या कपाटातील पुस्तकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे तीत घालावी. ग्रंथ, कर्ता, छापखाना व साल एवढे लिहावे. आणि पुढे तीन शब्दांपैकी एक नोंदवावा: ‘देऊ’, ‘येथे बसून वाचा’, किंवा ‘देणार नाही’. तिसरा शब्दही मानाने घेतला जावा, नाही तर भिडस्त माणसे यादीतच येणार नाहीत. घराचा पत्ता कोणास दिसू नये. मागणी गावच्या वाचनालयामार्फत जावी व पुस्तकाची देवघेवही तेथेच व्हावी. परदेशात याचे निरनिराळे तुकडे अस्तित्वात आहेत. २००१ साली निघालेल्या बुकक्रॉसिंग नामक उपक्रमात पुस्तकावर क्रमांक घालून ते बाकावर वा उपाहारगृहात सोडून देतात, आणि ज्यास सापडेल तो ते कोठे सापडले हे जाळ्यावर कळवितो. आमच्या लोकांस हे औदार्य झेपणार नाही. आपले पुस्तक बाकावर सोडून निश्चिंतपणे घरी येणारा गृहस्थ आम्ही तरी नगरात पाहिलेला नाही. २००५ मधील लायब्ररीथिंग येथे आपल्या कपाटाची यादी उत्तम करता येते. तो धडा मात्र घेण्याजोगा आहे.

पुस्तके परत येत नाहीत याचे कारण लबाडी क्वचितच असते, बहुधा भीड असते. नेणारा विसरतो, देणाऱ्यास आठवते, पण तो मागत नाही. व्याह्यांकडे गेलेले पुस्तक कोणी मागावे, आणि कोणत्या तोंडाने? दहा वर्षांनी ते पुस्तक त्यांचेच होऊन जाते. यंत्रास मात्र भीड नाही. एकविसाव्या दिवशी त्याने उभयतांस सारखाच निरोप धाडावा; त्यात ना उपरोध, ना नातेसंबंधास धक्का. आमच्या मते या सर्व योजनेत एवढी एक सोय जरी नीट साधली, तरी पुष्कळ कपाटांची कुलुपे आपोआप निघतील.

शोधण्याची सोय करणाऱ्यांनी मराठीचा इतिहासही ध्यानात घ्यावा. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले व शब्दांवरील असंख्य अनुस्वार गेले. तेव्हा ‘नाहीं’ शोधणाऱ्यास ‘नाही’ सापडले पाहिजे, व उलटही. जुन्या मुखपृष्ठावर शकाचा आकडा असतो, त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन यंत्रानेच दाखवावा. ‘रेव्हरंड टिळक’, ‘ना. वा. टिळक’ व ‘नारायण वामन टिळक’ हे आमच्याच नगरात राहून गेलेले एकच कवी आहेत, हे यंत्रास कोणी तरी सांगून ठेवावे लागेल.

उतारा करिताना पाठ बिघडतो, हे या जिल्ह्यास नव्याने सांगावयास नको. ज्ञानेश्वरी नेवाश्यास शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. आणि पुढे तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून तीत इतके अपपाठ शिरले की शके १५०६ मध्ये एकनाथांस ती शोधून शुद्ध करावी लागली. विकिस्रोतात एका बाजूस मूळ पानाचे चित्र व दुसऱ्या बाजूस उतारा असतो. एकाने तपासलेले पान पिवळे, दुसऱ्याने पुन्हा तपासले म्हणजे हिरवे होते. ही पद्धत आम्हांस फार आवडली. कोणी काय दुरुस्त केले याची नोंदही तेथे राहते.

आता गाण्यांकडे वळू. पुस्तक निदान कपाटात तरी राहते. गाणे माणसाबरोबर जाते. पंडित भातखंडे यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून चिजा मिळवून स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकांत छापल्या, म्हणून आज त्या कोणासही शिकता येतात. हे झाले बैठकीच्या गाण्याचे. जात्यावरच्या ओव्यांचे काम हेमा राईरकर व गी पॉइतवाँ या पुण्याच्या अभ्यासकांनी कित्येक वर्षे खेडोपाडी हिंडून केले. लाखावर ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या, गाणारीचे नाव व गाव यांसह. गाणारीचे नाव देणे ही त्यातील सर्वांत मोठी गोष्ट होय. शेतकरी स्त्रियांची गाणी अशी जतन झाली. पण आपल्या सुशिक्षित घरांतील मंगळागौरीची गाणी, हादग्याची गाणी, पाळणे, डोहाळे, घरोघरच्या आरत्यांच्या वेगळ्या चाली यांचे काय? राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींनी शके १६८४ मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला. त्यातील आख्याने कीर्तनकारांनी गावोगाव नेली, पण कोणते पद कोण कोणत्या चालीवर म्हणत असे हे त्या गळालेल्या वहीसारख्या वह्यांतच उरले आहे.

यासाठीही तशीच यादी हवी, पण परवानगीचे टप्पे निराळे. आजी नातीसमोर जे गाईल ते जगासमोर गाईलच असे नाही. म्हणून ध्वनिमुद्रण करितानाच तिला विचारावे, हे घरापुरते, भावकीपुरते की सर्वांसाठी? आणि तिने पुढे मन बदलले तर तो शब्दही पाळावा.

कायद्याविषयी लोकांत फार घोळ आहे, म्हणून दोन शब्द. स्वतः विकत घेतलेले पुस्तक शेजाऱ्यास वाचावयास देण्यास कायद्याची आडकाठी नाही. सबंध पुस्तकाची छायाचित्रे काढून भ्रमणध्वनीवर सर्वांस वाटणे ही निराळी गोष्ट, आणि हयात लेखकाच्या पोटावर पाय आणणारी. १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राही. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत संपत आली तेव्हा, १९९२ मध्ये, ती साठ झाली. त्यामुळे १९५० मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०११ पासून मुक्त आहेत. खांडेकरांच्या ग्रंथांस मात्र २०३६ अखेरपर्यंत थांबावे लागेल. ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षांचा, पण तिच्यातील पदाचा व चालीचा हक्क कर्त्याच्या आयुष्यावर वेगळा मोजतात. हे न पाहता जुनी तबकडी सरसकट खुली समजू नये.

अशी यादी करून देणारे तरुण नगरात आहेत. संगणकशास्त्र शिकणारी मुले आमच्या गल्लीतच चार निघतील. त्यांस काम आहे ते कुटुंबांची मने वळविण्याचे, आणि ते घरातील वडीलधाऱ्यांनीच केले पाहिजे. आम्ही तूर्त आमच्या कपाटापासून आरंभ केला आहे. नात छायाचित्रे घेते, आम्ही साल व छापखाना सांगतो, आणि मधूनच सौभाग्यवती स्वयंपाकघरातून अमुक पुस्तक आपले नव्हेच, ते तिच्या माहेरचे, म्हणून हरकत घेते. दोन फळ्या झाल्या आहेत. कोशाच्या तिन्ही खंडांपुढे ‘येथे बसून वाचा’ असे लिहिले आहे.