पाहुण्यांची मुंबई : मुक्काम कफ परेड (भाग पहिला)

सोमवार

मुंबईत उतरायचं कुठे, हे बाहेरगावचा माणूस खोलीच्या भाड्यावरून ठरवतो. नागपूरच्या एका जोडप्याचं मावसबहिणीवरून ठरलं. ती कफ परेडला मच्छीमार नगराशेजारच्या इमारतीत राहते, आणि हा मुक्काम भलताच मोक्याचा निघाला. सकाळी आठ ते अकरा अख्खी मुंबई दक्षिणेकडे धावत असते, संध्याकाळी तीच उत्तरेकडे परतते. कफ परेडसारख्या दक्षिण टोकाला राहणाऱ्याने सकाळी वर जावं आणि संध्याकाळी खाली यावं. दोन्ही वेळा गर्दी समोरच्या गाडीत असते.

पहिला बेत घारापुरीचा होता. "भावजी, सोमवारी लेणी बंद असतात," बहिणीने चहा देता देता सांगितलं. पावसाळ्यात समुद्र खवळला तर गेटवेहून लाँचही सुटत नाहीत, ते वेगळंच. मग दिवस गेला किरकोळ शिकण्यात. वांद्रे-शीवच्या खाली रिक्षा येत नाही. इथे काळी-पिवळी टॅक्सी, मीटरने. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये. बेस्टचं किमान तिकीट १० रुपये. सुटे पैसे जवळ असले की कंडक्टरशी मैत्री टिकते.

मंगळवार

मेट्रो ३. कफ परेड ते आरे, साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्थानकं. ९ ऑक्टोबर २०२५ पासून संपूर्ण मार्ग प्रवाशांसाठी खुला. भुयारात फोनला नेटवर्क मिळेलच असं धरून चालू नये, तिकीट काढून मगच खाली उतरावं. वाटेत सिद्धिविनायक स्थानक आहे, पण मंगळवारी तिथली रांग पाहता नागपूरकरांनी बाप्पाला गाडीतूनच हात जोडले आणि ते पुढच्या दादरला उतरले.

दादरचा फुलबाजार पहाटेचा. नऊनंतर जाणाऱ्याला हिरमुसलेला झेंडू आणि चिखल मिळतो. त्यापेक्षा 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष घ्यावं. दादर स्टेशनात मात्र जुन्या आठवणींवर चालू नये. पूर्वी पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट वेगवेगळे मोजत, त्यामुळे एक नंबरचे दोन फलाट असत. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि त्यापुढे मध्य रेल्वेचे ८ ते १४. काकांनी वीस वर्षांपूर्वी सांगितलेला फलाट आता त्या जागी नाही.

बुधवार

सकाळपासून पाऊस. बेत होता लालबाग-परळचा, आणि बहिणीकडे भांडी घासायला येणाऱ्या कोळीणबाईंनी एकच प्रश्न विचारला: "आज तिथी कुठली?"

त्रयोदशी. शुक्रवारी नारळी पौर्णिमा.

कोकण किनाऱ्यावरचा हा हिशोब प्रत्येक पाहुण्याने पाठ करावा. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. घड्याळात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला तेवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची, म्हणजे नरम. शहराचं पावसाचं पाणी शेवटी समुद्रातच जातं. भरती चढली की ते बाहेर पडत नाही, तुंबतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, ती यादी हॉटेलच्या बुकिंगआधी बघावी. त्यात मुसळधार पाऊस जमला तर परळजवळचं हिंदमाता पहिलं पाण्यात.

आणि खिडकीतून आभाळ बघून तर निर्णय घेऊच नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. टोकावरच्या लोकांना उत्तरेत काय चाललंय ते टीव्हीवर कळलं.

तेव्हा नागपूरकर दुपारनंतर निघाले, ओहोटी लागल्यावर. परळच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तींवर रात्रंदिवस हात चालू होते. आत डोकावायचं तर विचारून, आणि ओल्या रंगापासून छत्री लांब धरून. लालबागच्या चिवडा गल्लीत चव घेतल्याशिवाय खरेदी करणं हा दुकानदाराचाच अपमान समजतात. परतताना साडेसहा वाजले होते. करी रोडहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळाली. पलीकडच्या कल्याण गाडीच्या दारात लोक लटकत होते.

गुरुवार

पहाटे पाचला ससून गोदी. १८७५ साली कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली, आता मासळीची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात इथे यायचं कारण नाही. ऑगस्टात काही होड्या निघतात, पण बरेच कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच. पायात धुता येतील अशा रबरी चपला हव्यात, कारण फरशी बर्फाच्या पाण्याने निसरडी. टोपल्या घेऊन धावणाऱ्यांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नयेत. ज्याला हे पटत नाही, त्याला ढकलून पटवलं जातं.

माशाचे कल्ले उचलून लाल आहेत ना ते बघावं, बोटाने दाबल्यावर खड्डा राहता कामा नये. कोलंबी, मांदेली वाट्यावर मिळतात. नागपूरकरांनी एका वाट्याचा भाव पाडायला घेतला.

"दादा, भवानीची वेळ आहे. नीट बोला."

ते नीट बोलले. वर चार कोलंब्या जास्त आल्या.

दुपारी मच्छीमार नगर. २६ नोव्हेंबर २००८ ला रबरी होडीतून दहशतवादी उतरले ते याच किनाऱ्यावर, आणि त्यांना 'तुम्ही कोण' असं पहिल्यांदा इथल्याच कोळ्यांनी हटकलं होतं. तेव्हा कॅमेरा गळ्यात घालून गल्लीत शिरलेल्याला आजही कोणी हटकलं, तर राग मानू नये, सरळ उत्तर द्यावं. उद्याच्या सणासाठी होड्यांना रंग चढत होता, पताका बांधल्या जात होत्या. जाळी वाळत घातलेली असतात, ती ओलांडायची नाहीत, वळसा घालायचा.

नागपूरला ताजी मासळी नेण्याचा विचार बहिणीने मोडून काढला. सुकट आणि सुके बोंबील न्यावेत. दोन प्लॅस्टिक पिशव्या, वर स्टीलचा डबा, आणि डबा आपल्याच बर्थखाली. सहप्रवाशाने नाक उडवलं तर डबा उघडून दाखवू नये.

(क्रमशः. पुढील भागात शुक्रवार : नारळी पौर्णिमा, आणि तिथून गिरगाव)