उंबऱ्यातली पोरगी

बंडखोर मुलगी म्हटलं की 'सैराट'मधली बुलेटवरची आर्ची डोळ्यांपुढं येते. मलाही आर्ची आवडते. पण छायालेखक म्हणून सांगतो, मोकळं रान, रग्गड उजेड आणि धावती गाडी असली की बंड आपोआप दिसतं. कस लागतो तो घरात. आमच्या ताडकळसला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर घ्या. उजेड एकाच दारातून. त्याच दारात पोरगी बसलेली, कारण तिला स्वतःची खोली नाही. बाप भिंतीला टेकून सोयाबीनच्या भावावरून धुसफुसतोय, आई त्याच्याशी बोलत नाही. पोरगी चिडली तरी आपटायला दुसरं दार नाही. तिच्या चेहऱ्याची एक बाजू उन्हानं फटफटीत, दुसरी काळी. दिवा लावून ती काळी बाजू उजळली की सीन मेलाच म्हणून समजा.

जयंत दिगंबर सोमलकरांचा 'स्थळ' हा सिनेमा मला म्हणूनच जवळचा वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारा बाप आणि कॉलेजात शिकणारी, स्पर्धा परीक्षेची आस धरलेली सविता. ती साकारणाऱ्या नंदिनी चिकटेसकट सगळे कलाकार नवखे. सुरुवातीलाच सविता स्वप्न बघते: बायका बैठकीवर आणि नवरा मुलगा समोर बसून उत्तरं देतोय. जाग येते आणि पाळी तिची. नाव, शिक्षण, उंची, आवड. पाहुणे बदलतात, प्रश्न तेच. याच पुनरावृत्तीनं आपला जीव घुसमटतो. बाप खलनायक नाही. कापसाला भाव नाही आणि हुंड्याचा आकडा खाली येत नाही, यात तोही पिचतो. एकच तक्रार: पाहुण्यांची कधीकधी फारच फजिती होते, आणि प्रेक्षक हसून मोकळा होतो.

याउलट आंद्रेया आर्नोल्डच्या 'फिश टँक' सिनेमात (2009) पंधरा वर्षांची मिया आईशी कचाकचा भांडते, वस्तीभर भटकते. मिया साकारणाऱ्या केटी जार्विसनं आधी कधी अभिनय केला नव्हता. रेल्वे स्टेशनवर मित्राशी भांडताना ती कास्टिंगवाल्यांच्या नजरेत भरली. छायालेखक रॉबी रायननं जवळजवळ चौकोनी फ्रेम घेतली आणि कॅमेरा हातात धरून तो मियाच्या मागं फिरला. चौकोनात आजूबाजूला जागाच उरत नाही, माणूस कोंडलेला दिसतो. ही फ्रेम आमच्या पत्र्याच्या घरालाही शोभेल. पोरीच्या मागं धावणं मात्र उसनं वाटेल. आमची पोरगी धावत नाही. चहाचा ट्रे घेऊन येते, बसते आणि उत्तर द्यायला एक क्षण जास्त लावते. कॅमेऱ्यानं तिच्याच उंचीवर, तिच्यासारखंच बसून तेवढा क्षण थांबावं.

'स्थळ'ला 2023मध्ये टोरांटो महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्याकडं तो लागला 7 मार्च 2025ला. अशा सिनेमांच्या वाट्याला सहसा मोजके खेळ येतात, तेही अडनिड्या वेळेचे. ताडकळसच्या पोरीला तो थेटरात बघायचा तर परभणी किंवा नांदेड गाठायचं, आणि त्याआधी घरी काय कारण सांगायचं ते ठरवायचं.