सागवानातला बर्फ

परतवाड्यात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला सागवान शिकवावं लागत नाही. मेळघाटातून उतरलेला गोल माल, वनखात्याच्या डेपोतले लिलाव, आरागिरणीचा दिवसभराचा आवाज, वाऱ्याबरोबर अंगणात येणारा भुसा, यातच आम्ही वाढलो. बाबा लाकडाच्या धंद्यात होते. फळी हातात आली की ते आधी वजन बघत, मग रेषा, मग वास. ताज्या कापलेल्या सागाला कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

ही ओळख कामी आली ती थेट कोपनहेगनमध्ये. लेक-जावई तिथे नोकरीला आहेत. फ्रेडरिक्सबर्गच्या टाउन हॉलमागे शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, घरातलं नको झालेलं सामान लोक टेबलं मांडून विकतात. बशा आणि मेणबत्त्यांच्या स्टँडच्या गर्दीत एक उंच लाकडी भांडं उभं होतं. उचलल्याबरोबर हाताला कळलं, हा साग आहे. “आई, ती बर्फाची बादली आहे, ड्रिंक्सच्या टेबलावर ठेवतात,” लेक म्हणाली. मी ती उलटी केली. बुडावर चार बदकांचा बारीक ठसा डागलेला होता. घासाघीस न करता मी ती घेतली.

त्या चार बदकांची गोष्ट मी नंतर जमेल तशी शोधून वाचली. येन्स क्विस्टगॉर हा शिल्पकाराचा मुलगा. त्याने केलेले सागाच्या मुठीचे काटे-चमचे कोपनहेगनच्या संग्रहालयात टेड नीरेनबर्ग या अमेरिकन उद्योजकाच्या नजरेला पडले आणि 1954 मध्ये दोघांनी मिळून ‘डान्स्क’ ही कंपनी काढली. चार बदकं ही तिचीच खूण. क्विस्टगॉरने सागाच्या बर्फाच्या बादल्या केल्या, मिरपूड दळायच्या चक्क्या केल्या, ट्रे केले. अमेरिकेत त्या घरोघरी गेल्या. डेन्मार्कमध्ये सागाचं झाड उगवत नाही. लाकूड यायचं मुख्यतः थायलंडमधून, म्हणजे पूर्वीच्या सियाममधून. तो व्यापार करणारी ईस्ट एशियाटिक कंपनी 1897 मध्ये कोपनहेगनलाच निघाली होती. पुढे 1989 मध्ये थायलंडने जंगलतोडीवरच बंदी घातली. त्यामुळे त्या काळातला सरळ रेषेचा, जुन्या झाडाचा साग आता बहुतेक अशा वस्तूंमध्येच सापडतो.

बादली मी परतवाड्याला नेली. बाबांच्या वेळेपासूनचे एक मिस्त्री आहेत, त्यांना दाखवायची होती. त्यांनी चष्मा पुसला, उजेडाकडे धरून ती गोल फिरवली आणि म्हणाले, “ताई, लाकूड सागाचंच हाय, पण आपल्या मेयघाटातलं नोहे. आपल्या सागात कायी रेष भरते, गाठ येते. याची रेष पाहा, कशी सरय चालली.” मग सांध्यांवरून नख फिरवलं. बादली एका ओंडक्यातून कोरलेली नसते. उभ्या अरुंद पट्ट्या दोन्ही कडांना उतार देऊन एकमेकींना चिकटवतात, आणि त्या उतारातून गोलाई तयार होते. जुन्या काळी पिंपं आणि गलबतं बांधणाऱ्यांची ही विद्या. नख कुठेच अडकलं नाही. मिस्त्रींनी बादली खाली ठेवली नाही, बराच वेळ मांडीवरच धरून बसले.

वऱ्हाडात अशी वस्तू सांभाळणं हे वेगळंच काम आहे. मे महिन्यात अमरावती-अकोल्याला पारा 45 च्या पुढे जातो, हवेत ओल म्हणून राहत नाही, आणि लाकूड आकसतं. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं. दरवर्षीच्या या ओढाताणीत सांधा उकलायला वेळ लागत नाही. म्हणून बादली कूलरच्या झोतात ठेवायची नाही, उन्हात तर नाहीच, आणि होळीच्या आसपास तिला तेल द्यायचं. डेन्मार्कमध्ये त्यासाठी महागडी तेलं बाटलीत मिळतात. मी घाण्यावरचं जवसाचं तेल वापरते. जवस आमच्याकडचं जुनं पीक, आणि त्याचं तेल हवेत सुकून लाकडावर पातळ थर धरतं. मऊ सुती कापडाने रेषेच्या दिशेने अगदी थोडं लावायचं, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्यायचं. फिका, धुरकट झालेला साग डोळ्यांदेखत मधाळ होत जातो. एक मात्र पक्कं लक्षात ठेवावं. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि चुरगाळून फेकलेली तेलाची चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती दोरीवर पसरूनच वाळवायची.

त्यानंतर कोपनहेगनच्या प्रत्येक फेरीत काही ना काही येत गेलं. रेडक्रॉसच्या दुकानांतून, बाजारातून. होल्मेगॉर हा डेन्मार्कचा काचकारखाना 1825 चा. पेर ल्युटकेन या कलावंताने तिथे आयुष्यभर काम केलं. होल्मेगॉरचे फुंकून केलेले पेले हातात धरले की कडा ओठाला टोचत नाही, आणि अंगावर साच्याची उभी रेघ दिसत नाही. घेताना मी ती रेघ आहे का तेच बघते. आर्ने याकोबसेनने 1967 साली स्टेल्टनसाठी केलेल्या स्टीलच्या मालिकेतलं मार्टिनीचं उंच भांडंही माझ्याकडे आहे. नुसता सरळ नळकांड्यासारखा आकार, पण स्टीलला इतका नेमका आकार द्यायला तेव्हा काही वर्षं खर्ची पडली होती. काच मी सुती लुगड्यांत गुंडाळून आणते. मुंबईपर्यंत विमान आणि पुढे अंबा एक्स्प्रेस, पिशवी मांडीवर.

शोकेससाठी मी काहीही घेत नाही. जे पाहुण्यांच्या हातात जाणार नाही, ते मला नको. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री गच्चीवर माणसं जमतात. काही जण घेतात, बरेच घेत नाहीत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर कैक वर्षं दारूबंदीच आहे. त्यामुळे बादलीतला बर्फ बहुतेक वेळा कैरीच्या पन्ह्यात आणि बेलाच्या सरबतात जातो. मार्टिनीच्या भांड्यात मठ्ठा होतो, त्याची लांब दांडी ताक ढवळायला फार सोयीची आहे. तिकडे ज्या चिमुकल्या पेल्यांतून शहाजिरं नाहीतर शेपू घातलेली अक्वाविट पितात, त्यांत मी जेवणानंतर आलं-लिंबाचं पाचक देते.

अकोल्याच्या विहीणबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा बादलीकडे बघून त्यांनी सरळ विचारलं, “हे दारूचं सामान ना?” मी म्हटलं, “हो, तिकडे त्यासाठीच असतं. इथे बर्फ ठेवते.” त्यांनी झाकण उघडलं, बाहेरून हात फिरवला. आत बर्फ असून लाकूड कोरडं होतं, गारही लागत नव्हतं. स्टीलच्या डब्याला पावसाळी हवेत बाहेरून पाणी सुटतं आणि टेबलावर थारोळं होतं, ते इथे नाही. जाताना त्यांनी एक गोष्ट विचारली, ती माझ्या मनात घर करून बसली: “आपल्या परतवाड्यात एवढं सागवान, मग हे आपल्याकडे का नाही होत?”

परतवाड्याच्या सागाचे पलंग, दारं, दिवाण होतात. पाहुण्यांच्या हाताशी येईल अशी लहान वस्तू त्या लाकडातून घडवायचं कुणी मनावर घेत नाही, आणि कापकामात उरलेल्या उत्तम पट्ट्या चुलीत जातात. मला याचं खरोखर वाईट वाटतं. आता मिस्त्रींनी त्या उरलेल्या पट्ट्यांतल्या निवडक बाजूला काढायला सुरुवात केली आहे. 16 पट्ट्यांची बादली करायची तर प्रत्येक कडेला 11.25 अंशांचा उतार हवा. हिशोब मी कागदावर मांडून दिला, त्यांनी त्याचा लाकडी साचा केला. काळी रेष मुद्दाम बाहेरच्या बाजूला घ्यायची, असा त्यांचा आग्रह आहे. मेळघाटचा साग आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, असं ते म्हणतात. पट्ट्या सध्या सावलीत सुकताहेत. आत बसवायला योग्य मापाचं स्टीलचं भांडं मी अकोल्याच्या बाजारात शोधते आहे.