पडद्यावरची वेळ आणि ताटाची वेळ

आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या आपणांपैकी अनेकांची एक तक्रार मी वारंवार ऐकली आहे: परिचारिकेचे लक्ष रुग्णापेक्षा संगणकाच्या पडद्याकडेच अधिक असते. तक्रार खोटी नाही. परिचारिकेच्या माझ्या नोकरीतली शेवटची काही वर्षे त्या पडद्यासमोरच गेली. पण त्यामागे दोन विभागांतले एक भांडण असते. ते बाहेर दिसत नाही. त्याची झळ मात्र आपल्या रुग्णापर्यंत पोहोचते.

आमच्या रुग्णालयात औषधांच्या नोंदी कागदावरून संगणकावर गेल्या, तेव्हा सॉफ्टवेअर अभियंत्यांनी प्रत्येक मात्रेला घड्याळाची वेळ नेमून दिली. रात्रीच्या जेवणाआधीचे इन्सुलिन आठ वाजता. वॉर्डात जेवणाची गाडी मात्र कधी साडेसातला येई, कधी पावणेनऊला. इन्सुलिन टोचले आणि ताट आलेच नाही, तर रक्तातली साखर उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागतो. म्हणून गाडीच्या चाकांचा आवाज ऐकल्यावरच आम्ही सुई हाती घेत असू. पडद्यावर ती नोंद लाल होई: 'उशीर'. महिनाअखेर लाल नोंदींची यादी व्यवस्थापनाकडे जाई आणि जाब आम्हांला विचारला जाई.

अभियंत्यांचीही बाजू होती. तीस रुग्णांची सकाळची औषधे दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दिल्याचे त्यांना दिसे. असे कसे शक्य आहे, असे ते विचारत. शक्य नव्हतेच! वॉर्डात संगणक एकच, तोही व्हरांड्याच्या टोकाला, आणि पाच मिनिटे हात लागला नाही की पुन्हा पासवर्ड मागणारा. मुली चिठ्ठीवर टिपून ठेवत आणि ड्यूटी संपताना सगळे एकदम भरत. अभियंते त्याला कामचुकारपणा म्हणत. मुली म्हणत, यांनी कधी रात्रपाळी पाहिली आहे का? डॉक्टरांचे गिचमिड अक्षर लावण्याचा आमचा जुना ताप मात्र अभियंत्यांमुळेच संपला, हेही खरे.

शेवटी एक तरुण अभियंता खरोखरच रात्रभर वॉर्डात येऊन बसला. सकाळी तो फारसे बोलला नाही. पंधरवड्यात इन्सुलिनची वेळ घड्याळाऐवजी ताटाशी जोडली गेली. दुसरा संगणक काही मी निवृत्त होईपर्यंत आला नाही. तो लेखा विभागात अडला होता.

असा विसंवाद जिवावरही बेततो. कॅनडात तयार झालेल्या थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले, काही दगावले. यंत्राकडून असे होऊच शकत नाही, असे निर्माते सांगत राहिले. अखेर १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाने आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी तोच प्रकार पुन्हा घडवून दाखवला. सवयीने बाईंची बोटे इतकी झरझर चालत की, पडद्यावर केलेली दुरुस्ती यंत्रापर्यंत नीट पोहोचतच नसे. सावकाश टंकणाऱ्याच्या हातून तो दोष उघडच पडला नसता.

म्हणून रुग्णाजवळ बसाल, तेव्हा संकोच करू नका. गोळी नेहमीपेक्षा वेगळी दिसली, तर ती देण्याआधीच विचारा. 'संगणकात असेच आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. डॉक्टरांनी काय लिहिले आहे, ते पाहायला सांगा. इन्सुलिन टोचण्यापूर्वी ताट आले आहे की नाही, हे सांगू शकणारी व्यक्ती बहुधा आपणच असता. घरी चालू असलेल्या औषधांची नावे, मात्रा आणि वेळा मोठ्या अक्षरांत लिहून सोबत न्या आणि रुग्ण दाखल होतानाच तो कागद परिचारिकेच्या हाती द्या. संगणकात भरण्याआधी ती ते सारे आपल्या खिशातल्या चिठ्ठीवर उतरवील. तेवढ्यावरून तिच्यावर रागावू नका.