यंत्रांना नावे ठेवताना

मराठीत 'नावे ठेवणे' याचे दोन अर्थ होतात, आणि बेळगावातील एका रुग्णालयाच्या संगणक-जाळ्याची राखण करीत असता आम्ही दोन्ही अर्थांनी नावे ठेवली. प्रथम यंत्रांना, आणि पुढे स्वतःला.

रुग्णालयाच्या प्रत्येक मजल्यावर एका कपाटात स्विच नावाची पेटी असते. त्या मजल्यावरील संगणकांच्या तारा तीत येऊन मिळतात. या पेट्यांना आम्ही मोठ्या हौसेने नद्यांची नावे दिली होती: कृष्णा, मलप्रभा, घटप्रभा, मांडवी. ही हौस अगदीच निराधार नव्हती. संगणकाचे नाव कसे निवडावे याविषयी १९९० साली निघालेल्या आरएफसी ११७८ या टिपणातही एखाद्या विषयातील नावांची माळ घ्यावी, असे सुचविलेले आहे.

नावे अर्थात माणसांच्या सोयीसाठी. यंत्र यंत्राला ओळखते ते अंकांच्या पत्त्याने. आमच्यासारख्या बंदिस्त जाळ्यांसाठी फेब्रुवारी १९९६ मध्ये पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवल्याचे ठरले. त्यांपैकी १० या अंकाने सुरू होणाऱ्या एकट्या पट्ट्यात १,६७,७७,२१६ पत्ते मावतात. १९२.१६८ ने सुरू होणारा पट्टा तर वाचकांच्या घरच्या वायफायच्या पेटीतही बहुधा सापडेल. हे पत्ते म्हणजे माजघरासारखे आहेत. माजघर घरोघरी असते. पण रस्त्यावरच्या पोस्टमनास नुसत्या 'माजघर' या शब्दाचा काडीचा उपयोग नाही.

या सर्व यंत्रांवर लक्ष ठेवण्यासाठी आम्ही एक स्वतंत्र संगणक बसविला होता. तो दर मिनिटास प्रत्येक पत्त्यावर हाक मारी. 'ओ' आली की पडद्यावर हिरवा दिवा, न आली की तांबडा. त्याच्या यादीत आम्ही नावे न लिहिता केवळ पत्ते लिहिले होते. नावावरून पत्ता शोधण्याची यातायात मध्ये कशाला, हा आमचा शहाणपणा!

एका मृगाच्या पावसात वीज पडून प्रयोगशाळेच्या मजल्यावरील घटप्रभा जळाली. तिच्या जागी नवी पेटी आली. तिला आपोआप पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेकडून निराळाच पत्ता मिळाला आणि जुना पत्ता, जो आम्ही निष्काळजीपणे त्याच वाटपाच्या पट्ट्यातून घेतला होता, काही दिवसांनी हिशेबखात्यातील एका प्रिंटरच्या वाट्याला गेला. बिऱ्हाडकरू बदलला, आमची हाक मात्र जुन्याच बिऱ्हाडावर जात राहिली, आणि प्रिंटर इमानाने 'ओ' देत राहिला.

आषाढातल्या एका रात्री नवी पेटी बंद पडली. प्रयोगशाळेतून वॉर्डात संगणकावरून जाणारे रक्ताचे अहवाल थांबले. वॉर्डबॉय हाती कागद घेऊन जिने चढत-उतरत होते. रात्रपाळीच्या मुख्य परिचारिकाबाईंचा फोन आला, तेव्हा आम्ही पडदा पाहून ठामपणे सांगितले, की सर्व काही ठीक आहे. त्या म्हणाल्या, ''सर, तुमचा हिरवा दिवा तुमच्यापाशी राहू द्या. आमचे रिपोर्ट तेवढे पाठवा.'' आम्ही नव्या सहकाऱ्यास घटप्रभेकडे पिटाळले. त्या बिचाऱ्यास गोकाकचा धबधबा ठाऊक होता. या घटप्रभेचा मजला ठाऊक नव्हता. तीन तास गेले. कोणा रुग्णास इजा पोहोचली नाही, याचे श्रेय त्या जिने चढणाऱ्यांचे, आमचे नव्हे.

त्यानंतर आम्ही नद्या बाजूस ठेवल्या. इमारत, मजला, काम आणि क्रमांक या क्रमाने नावे ठरविली. इंग्रजी अक्षरे, अंक आणि आडवी जोडरेघ यांखेरीज नावात काही येऊ दिले नाही, कारण नियमच तसा आहे. पत्ते वाटपाच्या पट्ट्याबाहेर नेऊन कायमचे बांधले. राखणदार संगणक आता नावानेच हाक मारतो. एवढेच नव्हे, तर 'ओ' देणाऱ्यास तुझे नाव काय, असेही विचारतो. यंत्राने सांगितलेले नाव आमच्या वहीतल्या नावाशी जुळले नाही, तर दिवा तांबडा होतो. देवस्थानच्या वहीत महाजनाचे नाव असते, केवळ घराचा क्रमांक नसतो, हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होते. पण ते येथे सुचले नाही.

यातही एक खोच आहेच. नावावरून पत्ता सांगणारा संगणकच निजला, तर राखणदारास काहीच दिसेनासे होते आणि सारे दिवे एकदम तांबडे होतात. म्हणून तो संगणक आणि मुख्य राउटर यांना आम्ही अजूनही पत्त्यानेच हाक मारतो. नावांच्या शेवटी पूर्वी आम्ही मनास येईल ते शेपूट लावीत होतो. २०२४ साली आयकॅनने 'इंटर्नल' हे शेपूट खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवल्यावर तेच घेतले.

हे जमते न जमते तोच दुसरीकडून पंचाईत झाली. पेट्या बनविणाऱ्या कंपनीस बिघाडाची नोंद पाठवावी लागते. एकदा ती पाठवून झाल्यावर आम्ही वाचून पाहिली आणि चरकलो. प्रयोगशाळा कोठे, औषधभांडार कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत कोणते कपाट, हे सारे तीत नावानिशी लिहिले होते! नाव जितके बोलके, तितका परक्याच्या हाती घराचा नकाशा. तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या प्रतीत आम्ही नावे आणि पत्ते बदलतो. बदल मात्र सर्वत्र एकच हवा. एकाच पेटीस दोन ठिकाणी दोन नावे पडली, तर वाचणाऱ्यास बिघाडाचा माग लागत नाही. पत्त्यांसाठी २०१० साली केवळ उदाहरणांकरिता राखून ठेवलेले पट्टे आहेत, १९२.०.२ ने सुरू होणारा त्यांपैकीच एक. खोली सांगणारा रकाना आणि परवलीचे शब्द तर आम्ही पुसूनच टाकतो.

आणि टोपणनावे कोणती द्यावीत, याचा विचार करावा लागला नाही. मागच्याच आठवड्यात कंपनीच्या अभियंत्याचे पत्र आले. घटप्रभा बंद करून पुन्हा सुरू करून पाहिली काय, असे त्यांनी विचारले होते.