कोळसा उगाळावा तितका

मराठी माणूस अमेरिकेत स्थिरावला हे कशावरून ओळखावं? माझ्या मते ग्रीन कार्डावरून नाही आणि घराच्या मॉर्गेजवरूनही नाही. डेकवर लोखंडी भांडं आलं आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी त्यातून धूर निघू लागला, की समजावं, गडी इथला झाला. आम्हा शिकागोकरांना तर हे जास्तच लागू. वेबरची ती गोल किटली इथलीच. १९५२ साली जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचे अर्धगोल घेऊन ती पहिल्यांदा बनवली. तो वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता आणि तिथे ते बोये तयार होत. म्हणजे एका लोहारकामातून निघालेली वस्तू. इंजिनियरला तिच्याबद्दल आपुलकी वाटली तर नवल नाही.

२००२ साली एम.एस.ला आलो तेव्हा आम्ही सहा जणांनी मिळून गराज सेलमधून अशी एक किटली घेतली होती. तिच्यावर वांगी भाजली, कणसं भाजली, आणि प्रोजेक्ट बुडाल्यावर मनंही भाजून घेतली. पुढे लग्न, घर, दोन मुलं. किटल्या बदलल्या, भाजणं तेच राहिलं. या वर्षी मात्र घरात ठराव झाला की आता स्मोकर घ्यायचा. ग्रिल म्हणजे आपली शेगडी: निखाऱ्यावर थेट, दहा-वीस मिनिटांत काम. स्मोकर म्हणजे निखारे तळाशी, मध्ये पाण्याचं भांडं, वर जाळ्या, झाकण घट्ट. २२५ ते २५० डिग्री फॅरनहाइटवर तासन् तास मंद धुरात शिजवायचं. बुलेटच्या आकाराचा उभा वेबर स्मोकी माउंटन घ्यायचा, इथवर एकमत होतं. तो १४, १८ आणि २२ इंच अशा तीन मापांत मिळतो, आणि गाडी इथेच अडली.

मित्रमंडळींचा सल्ला एकमुखी होता: "घेतोयस तर मोठाच घे, नंतर पस्तावशील." या देशात हा सल्ला घरापासून गाडीपर्यंत सगळ्याला मिळतो. मोठं घेतलं की माणशी इंधन कमी लागतं, असाही एक समज असतो. तो आला कुठून, याचा विचार करताना मला आमच्या वाड्यातला तांब्याचा बंब आठवला. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. बंब दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद केला तर आत पाणी आठपट मावतं, पण बाहेरचा पत्रा चौपटच होतो. उष्णता पत्र्यातून जाते, म्हणून बादलीमागे लाकूड कमी लागतं. बंबाच्या बाबतीत मोठं ते काटकसरीचं, हे खरंच आहे.

पण स्मोकरमध्ये आपण पाणी भरत नाही, जाळीवर तंगड्या मांडतो. जाळ्या लहानात दोन आणि मोठ्यातही दोनच. म्हणजे मावणारं अन्न घनफळावर ठरत नाही, जाळीच्या क्षेत्रफळावर ठरतं. १४ इंची जाळी साधारण १५४ चौरस इंच, १८ ची २५४, २२ ची ३८०. पहिलीपासून शेवटचीपर्यंत जवळजवळ अडीचपट. बाहेरचा पत्राही, रुंदीबरोबर उंची वाढत गेल्यामुळे, जवळजवळ त्याच पटीत वाढतो. म्हणजे २२ इंची गच्च भरला तरी तंगडीमागे कोळसा १४ इंचीइतकाच. अर्धा रिकामा ठेवला तर दुप्पट.

दुप्पट का, ते सांगतो. चार किलो चिकन गरम करायला आणि त्यातलं उडून जाणारं पाणी उडवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी कागदावर पाव किलोपेक्षाही कमी कोळशातून मिळते. प्रत्यक्षात तीन-चार तासांत दोन किलोच्या आसपास कोळसा संपतो. उरलेला सगळा पत्रा तापवण्यात, वरच्या भोकातून निघून जाणाऱ्या गरम हवेत आणि पाण्याच्या भांड्यात. एक लिटर पाण्याची वाफ करायलाच शंभर ग्रॅमच्या आसपास कोळसा खर्च होतो. थोडक्यात, कोळसा खातो तो पत्रा. चिकन नुसतं चाखतं. आणि जाळीवर चार तंगड्या असोत की चाळीस, पत्र्याची भूक तेवढीच. नोव्हेंबरात आमच्याकडचा वारा सुटला की ती आणखी वाढते.

एवढं झाल्यावर मी गराजमधल्या कॅलेंडरांकडे वळलो. किटली पेटवली की त्या तारखेला किती पानं ते लिहायची मला सवय आहे. (घरात या सवयीची टिंगल होते.) मागच्या दोन उन्हाळ्यांत एकोणीस वेळा पेटली. त्यातले सोळा वेळा आम्ही चौघं, फार तर एखादं कुटुंब. तीन वेळा पंचवीस-तीस माणसं. मी म्हटलं, झालं, गणित सुटलं, १४ इंची पुरे.

सौ. शांतपणे म्हणाली, "आणि ते तीन वेळचे तीस जण कुठे जायचे?"

मी म्हटलं, त्या दिवशी केटरर सांगू.

"केटररकडे जेवायला ते आपल्या घरी कशाला येतील? मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार. पुढच्या वर्षी तुझ्या कॅलेंडरावर चौघांच्या जागी तीन येतील, आणखी तीन वर्षांनी दोन. मग काय, सर्वात लहान डबा घेऊन दोघंच बसायचं?"

याला उत्तर नव्हतं. सहा जणांतला एक टेक्सासला गेला, दोघं पुण्याला परतले. जे उरलेत ते येतात ते त्या तीन दिवशीच. माणूस येत नाही म्हणून भांडं लहान घ्यायचं, की भांडं लहान झालं म्हणून माणसं येईनाशी होतात, हा प्रश्न थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात नाही.

वाट निघाली ती सासूबाईंमुळे. त्या जूनपासून आमच्याकडे आहेत, पूर्ण शाकाहारी. मटणाच्या जाळीवर पनीर ठेवलं तर त्या बोलत काही नाहीत, फक्त दहीभात मागतात. आमच्या येणाऱ्यांतही निम्मी मंडळी तशीच. तेव्हा एक मोठा घेण्याऐवजी दोन घ्यावेत: १४ इंची शाकाहारी, १८ इंची सामिष. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे दोन्ही मिळून जाळी २२ इंचीपेक्षा थोडी जास्तच, आणि कोळसाही त्याच प्रमाणात. फायदा इतर सोळा दिवशी होतो. तेव्हा गरजेप्रमाणे एकच पेटवायचा. किंमत दोन्हींची मिळून मोठ्यापेक्षा जास्त पडली, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण सासूबाईंनी परवा धुरावलेलं पनीर दोनदा मागून घेतलं, त्याची किंमत कोण करणार?

कुणी विचारेल, जाड मातीच्या भिंतींचा कामाडो का नाही? तो कोळसा निम्म्यानेही वाचवतो, कारण भिंतीतून उष्णता कमी जाते आणि हवाही कमी लागते. पण आमच्या १८ इंचीच्या तोडीचा कामाडो दीडशे पौंडांच्या वर, आणि किंमत किमान पाचशे डॉलर जास्त. वर्षातून दहा-बारा वेळा पेटवणाऱ्याचा कोळसा वाचून वाचणार किती, तीस-चाळीस डॉलरचा? फरक भरून निघायला बारा वर्षं तरी जातील. दर आठवड्याला पेटवणाऱ्याने अवश्य घ्यावा.

एक गोष्ट मात्र थट्टेच्या बाहेरची. कोळसा गराजमध्ये, दार उघडं ठेवूनही, पेटवू नका. जानेवारी १९९३ आणि डिसेंबर २००६ च्या वादळांत सिएटलकडे वीज गेली, तेव्हा ऊब आणि स्वयंपाक यासाठी कोळसा घरात पेटवल्याने अनेकांना कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली, २००६ मध्ये काहींचे प्राणही गेले. त्यांत आपल्यासारखी बाहेरून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने होती. मायदेशी शेगडी घरात असायची, पण ते घर कौलारू आणि सतरा फटींचं. इथलं घर थर्मासच्या बाटलीसारखं बंद. या वायूला वास नसतो, आणि निखारा लाल दिसतो म्हणजे धोका गेला असं मुळीच नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगा.

कोळसा वाचवण्याच्या बाकीच्या युक्त्या आजीच्याच. किलोभर कार्बन जळायला साडेअकरा किलो हवा लागते, म्हणून आच कोळशाने नव्हे, खालच्या भोकांनी सांभाळायची. सगळे कोळसे एकदम पेटवायचे नाहीत. न पेटलेल्या ढिगावर दहा-बारा पेटते ठेवले की ते हळूहळू खाली उतरत जातात. झाकण सारखं उघडून पाहू नये. काम संपलं की सगळी भोकं बंद. चुलीतले निखारे विझवून आजी कोळसे साठवायची, तसे उरलेले पुढच्या वेळी झटकून वापरावेत. आणि जाळी रिकामी दिसली की तिथे लसणाचे गड्डे, टोमॅटो, लाल मिरच्या ठेवून द्याव्यात, चटणीला उपयोगी पडतात. वांग्याची साल मात्र या मंद आचेवर करपत नाही, भरताला ते शेवटी झाकण काढून थेट निखाऱ्यावरच धरावं.

धुरासाठी लाकूड सफरचंदाचं किंवा चेरीचं चांगलं. टेक्सासचा मित्र मेस्कीटचे तुकडे पाठवतो. हे मेस्कीट म्हणजे आपल्याकडे माळावर माजलेल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. धूर फार उग्र, तेव्हा मटणाला दोन तुकडे आणि पनीरला एकही नको.