पाटा गेला बहरीनला

अंबरनाथ पूर्वेला जायचं म्हटलं की सगळे एकच सांगतात – शिवमंदिर बघून ये. 1060 सालचं, काळ्या दगडातलं, वीकेंडला बघाच. पण तिथून पुढे माझ्या आत्याच्या गॅलरीत आणखी एक काळा दगड आहे. तिचा पाटा. आणि बॉस, हा पाटा बोटीनं बहरीनला जाऊन आलाय!

सत्तरच्या दशकात आतोबा ‘द्वारका’ बोटीनं नोकरीला गेले. मुंबई, कराची आणि आखातातली बंदरं करणारी ही बोट 1982 मध्ये बंद झाली. तिचे बहुतेक प्रवासी डेकवरच पथारी टाकायचे. संसार मागून गेला, पॅकर्सकडून.

‘‘सुतारासकट चार जण आले,’’ आत्या सांगते. कपबशा रद्दीत गुंडाळल्या, मध्ये पेंढा भरला, चमच्यांपर्यंत यादी केली आणि दारातच लाकडी खोका ठोकला. वर काळ्या रंगात नाव, बंदर, नंबर. मग लॉरीनं मुंबई बंदर, कस्टम्सची तपासणी आणि क्रेननं थेट जहाजाच्या पोटात. बिल ऑफ लेडिंग जपून ठेवायचं. ते दाखवल्याशिवाय पलीकडे माल सुटत नाही.

खरी गंमत भाड्यात. वजन किंवा आकारमान, जे जास्त भरेल त्यावर पैसे. 40 घनफूट जागा म्हणजे एक टन, मग आत कापूस का असेना! म्हणजे फुगीर गादी महाग आणि जड पाटा जवळजवळ फुकट. लग्नातल्या गाद्या शेजाऱ्यांकडे राहिल्या, पाटा गेला. आखातात पहिल्या वर्षी घरासारखं काय होतं, तर चटणी, असं आत्या म्हणते.

आता तिची नात टोरोंटोला निघालीय. विमानात 23 किलोच्या दोन बॅगा. पाटाच 19 किलोचा. समुद्रमार्गे माल न्हावा शेवाहून कंटेनरनं जातो. खोकाही कुठल्याही फळ्यांचा चालत नाही. लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवल्याचा शिक्का लागतो. आम्ही विचारलं त्या एजंटानं किमान एक घनमीटरचे पैसे सांगितले.

‘‘मग भरा की घनमीटर!’’ आत्या म्हणाली. ‘‘शिलाई मशीन पण घाला.’’

नात सध्या कॅनडात चालणारा मिक्सर शोधतेय. आत्यानं मात्र पाटा घासून उन्हात ठेवलाय.